ईस्टरचं गाणं

“छावणीत पाणी कुठून भरायचो आपण?” उस्तीनिया आजीने विचारलं.

“ओढ्यावरून. वरच्या अंगाला संडास आणि खाली आपल्या बादल्या.”

समोर बसलेल्या माणसाचं उत्तर बरोबर होतं. आजीच्या कपाळावर आणखी एक आठी चढली.

“हे सरकारी अहवालात छापलंय. वाचता येतं ना तुला?”

“येतं, आजी.”

“आजी म्हणू नकोस. अजून काही ठरलेलं नाही.”

टेबलापलीकडे तिची भाची अन्फेसा अर्ज उघडून बसली होती. बेचाळीस साली जपान्यांचे बॉम्ब पडले, तेव्हा सरकारने अलास्काच्या या बेटावरचं अख्खं गाव बोटीत घातलं आणि दूर दक्षिणेला माशांच्या बंद कारखान्यातल्या छावणीत तीन वर्षं कोंडून ठेवलं. मागे आपल्याच सैनिकांनी घरं धुऊन नेली. चर्चमधली जन्मनोंदीची वहीही त्यातच गेली. आता अठ्ठेचाळीस वर्षांनी भरपाई आली होती. ज्याच्याकडे कागद नाही त्याला गावातल्या म्हाताऱ्या माणसाची साक्ष लागे. तोतये दोन आठवड्यांत दोन सापडले होते.

हा तिसरा असावा, असं अन्फेसाला वाटत होतं. पन्नाशीचा माणूस. नाव सांगत होता लाव्रेन्ती. छावणीतून क्षयाच्या हॉस्पिटलात नेलेला चार वर्षांचा पोर.

“हॉस्पिटलला नेणाऱ्या त्या बोटीत माझा प्रोकोपीही होता,” आजी म्हणाली. “दोघांना एकाच घोंगडीत गुंडाळून नेलं. प्रोकोपी गेल्याचं पत्र आलं. लाव्रेन्तीचं काहीच आलं नाही. मेलेल्यांच्या यादीत पाद्री दर वर्षी माझ्या पोराचं नाव गातो. आणि तू त्याच्या सोबत्याचं नाव लावून येतोस?”

“माझ्या गळ्यातल्या चिठ्ठीवर तेच नाव होतं. बाकी मला ताप आठवतो. आणि अनाथाश्रम.”

“सोयीचा ताप आहे,” अन्फेसा पुटपुटली. “आईचं नाव?”

“अर्जात लिहिलंय ते. तेही मला नंतर कुणी सांगितलेलं.”

“बघ मावशी! स्वतःच कबूल करतोय.”

आजीने चहाचा पेला बाजूला सारला. चर्चमध्ये ती चाळीस वर्षं गात होती. कोण मनापासून गातंय आणि कोण ओठ हलवतंय, हे तिला पाठमोरी बसूनही कळायचं.

“ईस्टरचं गाणं म्हण. आपल्या बोलीतलं.”

माणूस गोंधळला. “सगळं येणार नाही.”

“येईल तेवढं म्हण.”

त्याने डोळे मिटले आणि अगदी हळू, शेजारी कुणी झोपलेलं असावं तसा गाऊ लागला. चाल बेटावरचीच होती. अन्फेसाही नकळत मान डोलावू लागली आणि एकदम थांबली.

“चुकलास! तिथं ‘कबरीतल्यांना’ असं आहे, ‘होडीतल्यांना’ नाही. या बेटावरचं शेंबडं पोरही तिथं चुकायचं नाही.”

“मला असंच येतं,” तो म्हणाला. “कुणी शिकवलं ते आठवत नाही.”

“मला ठाऊक आहे, चर्चच्या गाण्यांच्या कॅसेटनं शिकवलं. तीही धड ऐकली नाहीस.” तिने पेनाला टोपण लावलं. “मावशी, काय लिहू?”

 आजीने टेबलाची कड घट्ट धरली.

“लिही, हा लाव्रेन्ती नाही.”

माणसाने मान खाली घातली. भांडला नाही. कोट उचलला आणि दाराकडे निघाला.

“छावणीतून रोज एक शवपेटी बाहेर जायची,” आजी त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली. “तापलेल्या पोराच्या कानाशी कबर हा शब्द माझ्या तोंडून निघेना. म्हणून मी एकटीच ‘होडी’ म्हणायचे. दार लाव, प्रोकोपी, थंडी आत येतेय.”