जावयाचा काढा

अडुळशापुढे कुठल्याही खोकल्याची टाप नाही, असं भागीरथीबाई शपथेवर सांगत. जावई जयेश त्यांचा काढा गुपचूप बेसिनमध्ये ओतायचा आणि "एकदम उतार पडला, आई" म्हणायचा.

रविवारी काढा झाल्यावर बाळकुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: काल बागेत तणनाशक फवारलं आहे. अडुळशाची पानं त्याच बागेतली होती.

तासाभरात जयेश हॉस्पिटलात आडवा. डॉक्टरांनी पोट धुवायची नळी उचलली. "नक्की प्यायलात ना?"

"माझ्या हातानं विष पाजलं हो मी," सासूबाई पदर डोळ्यांना लावून उभ्या.

खरं बोलावं, तर लग्नापासूनचं सगळं खोटं उघडं पडणार. जयेशने एकदा नळीकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे.

"हो. पेलाभर."



पोटातून नुसता चहा निघाला, आणि अडुळसा विषसुद्धा पचवतो हे सिद्ध झाल्यामुळे जयेशला आता काढा दोन वेळा मिळतो.