सौंदडची गाडी

झामसिंग शेतातला भाताचा रोवणा अर्धा टाकून आला आणि चिखलाच्या पायांनीच बालवाडीच्या पडवीत चढला. पडवी मारुतीच्या देवळाची. पाट्या चार, बाकी सगळे मातीचे बैल, चिंध्यांच्या बाहुल्या आणि काडेपेट्यांची घरं. सरकारनं पोरं खेळवायला बाई पाठवली, असं गाव हसून म्हणे. झामसिंग आज हसत नव्हता.

"राजकुमारीले नेतो मी," तो म्हणाला.

"काय झालं, भाऊ?" मंदाबाईंनी विचारलं.

"वरून इचारून राहिल्या? इथं पोट्टे मयत खेळते, साऱ्या गावात बोंब हाय. माह्या घरचं पोरगं जाऊन महिना नाई झाला, अन् तुमी असा अभद्र खेळ खेळू देता. काऊन?"

मंदाबाईंना राग आला, पण त्यांनी तो गिळला. दोन वर्षांचा टेकचंद तापानं गेला, तेव्हापासून त्याच्या चार वर्षांच्या बहिणीनं, राजकुमारीनं, घरात तोंड उघडलं नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं.

"घरी बोलते का ती?"

झामसिंग पायांवरचा चिखल पायरीला खरवडू लागला.

"इथं बोलते. फक्त या एका खेळात. एकदा बघा, मग खुशाल न्या. मी अडवणार नाही."

देवळामागं ओल्या मातीत पाच-सहा पोरं बसली होती. मधे राजकुमारी. तिनं चिंध्यांचा बाहुला खड्ड्यात निजवला, वर माती लोटली, हातानं थापली. झामसिंगनं मान फिरवली. कुठल्याही बापाला असलं बघायला लावू नये. मंदाबाईंनाही ते कळत होतं, पण त्यांना दुसरा उपाय सुचत नव्हता.

"आता गाडी," राजकुमारी म्हणाली.

लेकीचा आवाज ऐकून झामसिंग जागच्या जागी थांबला.

पोरं एकमेकांचे सदरे धरून उभी राहिली. पुढच्यानं शिट्टी दिली. राजकुमारी मातीशी वाकून समजावत होती, "दरेकशाहून बस. गोंदियाले उतर, मंग लहान गाडी. सौंदडले मामा येते टेसनावर. रडू नोको."

"सौंदडचं तिला कोणी सांगितलं?" मंदाबाईंनी हळूच विचारलं.

"मीनंच. म्हनलं, टेकू मामाकडं गेला. एवढ्याशा पोरीले काय सांगाचं, बाई? पुरून आलो तवा ती घरीच होती. तिले काईच मालूम नाई."

गाडी देवळाला वळसा घालून आली आणि मातीपाशी थांबली. एक पोरगा उकरायला वाकला, तशी राजकुमारीनं त्याचा हात ढकलला.

"रोज इथंच अडतं," मंदाबाई म्हणाल्या. "कुणालाच उकरू देत नाही. स्वतःही उकरत नाही. मग दिवसभर तिथंच बसून राहते."

तेवढ्यात राजकुमारीला बाप दिसला. ती उठून आली, त्याचं बोट धरलं आणि त्याला ओढत मातीपाशी घेऊन गेली. तो मुकाट्यानं गेला, गुडघे टेकून बसला.

"तू काढ, बाबा."

"मी?"

"तूनंच त पुरला."

झामसिंगनं मंदाबाईंकडं पाहिलं. त्यांनी तोंडाला पदर लावला होता.

"काढ ना," पोर म्हणाली. "गाडी उभी हाय."

झामसिंगनं माती उकरायला सुरुवात केली. आधी एका हातानं, मग दोन्ही हातांनी. चिंधी दिसली. राजकुमारीनं बाहुला ओढून काढला, झटकला, कडेवर घेतला आणि पोरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. शिट्टी झाली. गाडी सुटली.

झामसिंग उकरतच होता.