तीन फेरे सैल

इंजिनाचा आवाज तिसऱ्यांदा खाली आला.

"बाबा, रेस द्या!" डोलकाठीला एका हाताने धरून कांचन ओरडली. अर्ध्यावर अडकलेलं शीड वाऱ्यात फडफडत होतं आणि बोटीचं तोंड पुन्हा भिंतीकडे वळत होतं. तलावाच्या काठाने जाणाऱ्या व्हीआयपी रोडची दगडी भिंत. कठड्याला टेकून दसऱ्याचे नवे कपडे घातलेली माणसं मोबाइल वर करून उभी होती.

"देतोय ना! दांडा मागे येतोय." सुकाणू धरून बसलेले नीळकंठराव म्हणाले.

शीड तसंच सोडून कांचन मागे आली. तिने थ्रॉटलचा दांडा पुढे ढकलला. इंजिन जोरात चाललं. तिने हात काढला. दोन सेकंदांत दांडा मागे घसरला आणि इंजिन पुन्हा कुरकुरायला लागलं. तिने दांड्याला दोरी गुंडाळून पाहिली, तीही निसटली. तिच्या बोटांना तेल लागलं होतं, आणि लाल काहीतरी. कुंकू.

"याला तेल घातलंत?"

"काल खंडेनवमी होती. हत्यारांना तेल घालतात, पूजा करतात. कारखान्यात चौतीस वर्षं घातलं, एक मशीन कधी रुसलं नाही."

"आत घर्षणाची चकती आहे, बाबा. तिने दांडा धरून ठेवायचा असतो. तिला तेल म्हणजे सायकलच्या ब्रेकला तेल."

"एमएस्सी झालीस म्हणून आता मला ब्रेक शिकव."

"नंतर शिकवते. पाना द्या."

दांडा ती धरून बसली तर शीड उतरवायला कुणी नव्हतं, आणि शीड उतरल्याशिवाय बोट वळणार नव्हती. नांगर टाकून झाला होता. तो तळाच्या गाळातून नुसता फरफटत होता. तिने भिंतीवरच्या दिव्याच्या खांबांकडे पाहून अंदाज घेतला. शंभर मीटर. सेकंदाला साधारण अर्धा.

"दोनशे सेकंद आहेत," ती म्हणाली. "तोंड वाऱ्याकडे ठेवा, जमेल तेवढं."

तिने दांडा काढला, खालचं झाकण उघडलं. चकती तेलाने चमकत होती. पेट्रोलमध्ये बुडवलेल्या फडक्याने ती घासताना कांचन तोंडाने दोनशेपासून उलटे आकडे म्हणत होती. एकशे चाळीसला तिने चकती परत बसवली आणि दाब देणारा स्क्रू शोधला.

स्क्रूशेजारी पांढऱ्या रंगाने खूण केलेली होती. घरातल्या पंख्यापासून कुकरच्या मुठीपर्यंत काहीही खोलायचं तर नीळकंठराव आधी अशी खूण करायचे आणि बाजूला काय केलं ते लिहून ठेवायचे. इथेही लिहिलं होतं, बारीक, पण अक्षरं वाकडी: ३ फेरे सैल. ९ ऑगस्ट.

"हा स्क्रू तुम्ही सैल केलात?"

"किती राहिले?"

"शंभर. दोन महिने झाले याला. का सैल केलात?"

"जड जात होता."

"कुणाला?"

नीळकंठरावांनी सुकाणू पुन्हा ओढून धरलं. सुकाणू त्यांच्या डाव्या हातात होतं. उजवा हात मांडीवर होता, बोटं अर्धवट मिटलेली. कांचनला आठवेना की आज सकाळपासून तो हात तिने कधी वर उचललेला पाहिला.

"डॉक्टरकडे गेला होतात?"

"हे सगळं तुझी आई विचारेल. तू स्क्रू आवळ."

तिने आवळला. एक फेरा. दोन. तिसऱ्याला पाना कचकन थांबला. तिने दांडा बसवला, बोल्ट घट्ट केला. भिंतीवरच्या माणसांचे चेहरे आता वेगवेगळे दिसत होते.

"अरे अंकल, टकरा जाओगे!" वरून कुणीतरी ओरडलं.

"ढकला, बाबा."

नीळकंठरावांनी सुकाणू काखेत दाबलं आणि उजवा हात दांड्यावर ठेवला. बोटं दांड्याभोवती आली. दांडा हलला नाही. त्यांनी खांद्याचा जोर लावला. हात घसरून खाली आला.

"अर्धा फेरा सैल कर," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "अर्धाच. मला जमेल."

पाना तिच्या हातातच होता. अर्ध्या फेऱ्याला दोन सेकंद लागले असते. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"राहील का मग तो? अर्ध्यावर?" तिने विचारलं.

लाटेचं पाणी भिंतीच्या दगडावर आपटल्याचा आवाज आला. चौतीस वर्षं दुसऱ्यांनी बसवलेल्या भागांना हो किंवा नाही म्हणणं हेच नीळकंठरावांचं काम होतं.

"नाही," ते म्हणाले. "घसरेल."

कांचनने दांडा ढकलला. बोट थरारली. तिने हात काढला. दांडा तिथेच राहिला. ती धावत पुढे गेली, शिडाची अडकलेली दोरी चाकूने कापली. शीड धपकन तिच्या अंगावर कोसळलं. त्याखालून बाहेर येईपर्यंत बोटीचं तोंड वळलं होतं. भिंत आणि बोट यांच्यात एका बोटीएवढं पाणी राहिलं होतं, मग दोन, मग पाच.

"अंकल, क्या मोड़ा है!" वरून टाळ्या पडल्या.

ती मागे आली तेव्हा नीळकंठराव उठले होते. त्यांनी मानेनेच तिला सुकाणूकडे बसायला सांगितलं. मग बोटीची कड धरत ते मधल्या फळीवर, पाहुणे बसतात तिथे जाऊन बसले. फळीखालचं लाइफ जॅकेट त्यांनी ओढून काढलं, कसंबसं अंगात चढवलं आणि मागे वळून पट्ट्याची दोन्ही टोकं तिच्यापुढे केली.