शून्य ते दहा

"शून्य ते दहा, किती दुखतंय?"

"दोन," द्रौपदाबाई हसून म्हणाल्या. शेजारी उभ्या नवऱ्याचा चेहरा जरा सैलावला. डॉक्टर मृण्मयीनं फॉर्मवर दोनचा आकडा टाकला. कॅन्सर वॉर्डात वेदना किती जणांना होतात आणि कोणाला जास्त होतात, हे तिला शोधायचं होतं. वय, गाठीची जागा, आजाराचा टप्पा, सगळे रकाने भरले होते. पण तीस पेशंटांत तीनच्या वर कोणी जाईना.

बावीस वर्षं या वॉर्डाची फरशी पुसणाऱ्या हौसामावशी ते ऐकत होत्या. "मॅडम, घरचं माणूस समोर असलं की दुखणं ओठांवर येत नाही. द्रौपदाबाईंच्या मुठीतली चादर बघा."

दुसऱ्या दिवशी मावशींनी द्रौपदाबाईंच्या नवऱ्याच्या हाती थर्मास दिला. "काका, कॅन्टीनमधून गरम पाणी आणता का?" तो बाहेर पडताच मृण्मयीनं पुन्हा विचारलं.

द्रौपदाबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. "नऊ. पण ह्यांना सांगू नका. घास उतरत नाही मग त्यांना."

मृण्मयीनं लगेच औषध वाढवलं. फॉर्मवर नवा रकानाही आखला: विचारताना जवळ कोण होतं? मावशींना तो दाखवायला ती धावतच निघाली.

जिन्यापाशी द्रौपदाबाईंचा नवरा बसला होता. मांडीवर रिकामा थर्मास.

"अजून गेला नाहीत?"

"मुद्दाम थांबलोय," तो हळूच म्हणाला. "सांगितलं ना तिनं खरं?"