फरक शून्य

चौथ्यांदा मोजले तरी प्रेशर गेज अकराच भरले. वहीत बारा होते.

काका स्टुलावरून उतरले आणि कपाळाचा घाम पुसला. वर्षाची मोजणी दोन दिवसांवर आली होती, निवृत्ती चार दिवसांवर. अठ्ठावीस वर्षं त्यांनी कारखान्याचं स्टोअर सांभाळलं होतं. नटबोल्टपासून मोटारींपर्यंत साडेतीन हजार जिनसा, आणि दर वर्षीच्या मोजणीच्या तक्त्यावर खाली एकच शेरा: फरक शून्य. लोक टेबलामागे मुलाबाळांचे फोटो लावतात, काकांनी हे तक्ते चौकटीत घालून टांगले होते.

पहिल्या वर्षी तेवढी दोन बेअरिंग कमी भरली होती. तेव्हा काकांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही आणि तिसऱ्या दिवशी राजीनामाच लिहून आणला. तो साहेबांच्या टेबलावर पोचायच्या आत फिटरला दोन्ही बेअरिंग रॅकमागे सापडली.

"वस्तूला काय पाय फुटतात, काका?" फिटर तेव्हा म्हणाला होता. "शोधली की सापडते."

म्हणून काकांनी या वेळीही शोधलं. खोकी उपसली, रॅकखाली बॅटरी मारली, वर्षभराच्या चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या. गेज काही सापडला नाही. ताईला, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या बाईंना, त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नाही. चार दिवसांनी किल्ल्या तिच्याच हाती जायच्या होत्या. तिच्यासमोर तोंड कसं उघडायचं?

घरी बायकोला मात्र सांगावं लागलं, कारण ताटावर बसून ते नुसते बघत राहिले होते.

"एक कमी तर एक कमी लिहा," ती म्हणाली. "जग बुडणार आहे का?"

"जग नाही गं. मी बुडेन."

"अहो, अठ्ठावीस वर्षांत एक वस्तू! आपल्या घरात वर्षाला चार चमचे हरवतात."

"म्हणून तर घराची मोजणी करत नाही मी," काका म्हणाले, आणि ताट सारून उठले.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते बाजारात गेले आणि अगदी तसाच गेज स्वतःच्या पैशांनी विकत घेतला. पावतीही घेतली. पावतीशिवाय वस्तू घ्यायची त्यांच्या हाताला सवयच नव्हती.

मोजणीच्या सकाळी ते सगळ्यांच्या आधी पोचले. रॅक लखलखत होते. मोजणीच्या आदल्या दिवशी ताई दर वर्षी फडकं घेऊन एकूण एक फळी पुसायची, तशी तिने कालही पुसली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. दाराकडे एक डोळा ठेवून काकांनी पिशवीतला गेज घाईघाईने फळीवर मागे सरकवला. आयुष्यभर दिसेल ते मोजणारा हा माणूस, पण त्या क्षणी फळीकडे मान वर करून बघायचाही धीर त्याला झाला नाही.

दहा वाजता मुख्य कचेरीतून तपासनीस बाई आल्या. काकांनीच घालून दिलेला नियम असा होता, की मोजणाऱ्याला वहीतला आकडा कळता कामा नये. एकाने मोजायचं, दुसऱ्याने चिठ्ठीवर लिहायचं, आणि वही शेवटी उघडायची. स्टोअरकीपरने दाराशी खुर्ची टाकून गप्प बसायचं. काका बसले. जीव टांगणीला लागला होता, पण चेहरा त्यांनी चौकटीतल्या तक्त्यासारखा सरळ ठेवला.

चार वाजता बाईंनी वही उघडली. आकडे जुळत गेले. मग त्या थांबल्या.

"प्रेशर गेज. वहीत बारा, चिठ्ठीवर तेरा."

पुन्हा मोजले. तेराच.

काकांना आधी काही उमगेना, आणि उमगलं तेव्हा हसावं की रडावं तेच कळेना. म्हणजे हरवलेला गेज स्टोअरातच कुठेतरी होता आणि पुसापुशीत जागेवर आला होता! आपल्या स्टोअरवर आपणच संशय घेतला, आपलेच दात आणि आपलेच ओठ. ताईकडे बघितलं तर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पोरीला आपली केवढी काळजी, काकांना भरून आलं.

त्यांनी खिशातली पावती काढून टेबलावर ठेवली.

"यातला एक माझा आहे, बाई. मला वाटलं होतं, एक कमी आहे. चुकलं माझं."

बाईंनी पावती वाचली, रॅककडे बघितलं, मग काकांकडे.

"काका, चूक करायचीसुद्धा पावती घेता तुम्ही," त्या हसून म्हणाल्या. "न्या तो घरी." आणि तक्त्यावर त्यांनी लिहिलं: फरक शून्य.

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तक्ता दोनदा वाचला, बाईंना फाटकापर्यंत पोचवलं, वॉचमनलाही काही कारण नसताना हात केला. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. अठ्ठाविसावी चौकट आता घरीच लावायची, बायकोच्या चमच्यांच्या वर, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

मग आठवलं, किल्ल्या खिशातच राहिल्यात. आणखी दोन दिवस कशाला थांबायचं? आजच्यासारखा दिवस पुन्हा येणार नव्हता. ताईच्या हातात त्या आजच द्याव्यात म्हणून ते मागे फिरले. स्टोअरचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आतून फिटरचा आवाज येत होता.

"थोडक्यात वाचलो गं, ताई. पण एक सांग, काका आता निवृत्त होतायत, म्हणजे दर वर्षी स्टोअरची तूट भरायची आपली वर्गणी पुढच्या वर्षीपासून बंद ना?"