पहिल्या घावाला

पिकअपनं याकूबला उडवलं तेव्हा जैतूनबी रस्त्याकडेच्या आपल्या चाकावर हौसरावांच्या कोयत्याला धार लावत होती. तिनं मान वर केली तोवर तिचा सव्वीस वर्षांचा लेक शिक्रापूरच्या हमरस्त्यावर वीस फूट लांब जाऊन पडला होता. दोन चहा सांगायला तिनंच त्याला पलीकडं धाडलं होतं.

ती अनवाणी धावली. याकूबची मान नको तितकी वळली होती. कानातून आलेलं रक्त डांबरावर पसरत होतं. तिनं त्याच्या नाकाशी हात धरला, छातीला कान लावला, पुन्हा नाकाशी हात धरला. मग त्याचं डोकं मांडीवर घेऊन तिनं त्याचे डोळे मिटले. ‘इन्ना लिल्लाहि’ ही मौतीची दुआ म्हणताना तिची जीभ दोनदा अडखळली.

मागं काच फुटली.

पिकअप विजेच्या खांबाला धडकून थांबला होता. दौंडकडून टोमॅटो घेऊन आलेला ड्रायव्हर विशीतलाच होता. लोकांनी त्याला केसांना धरून खाली ओढलं. पहिला फटका हेल्मेटचा बसला, दुसरा गाडीतल्याच पान्याचा. त्याच्या तोंडातून दात आणि रक्त एकदमच बाहेर पडलं. “ब्रेक लागला न्हाई,” असं काहीतरी तो सांगत होता. मग कुणीतरी त्याच्या तोंडावरच बूट ठेवला.

गर्दीत सगळी ओळखीची माणसं होती. याकूब त्यांचे विळे-कोयते घासून द्यायचा, घाईच्या वेळी रानात जाऊन द्यायचा. हौसराव तर वीस वर्षांचं गिऱ्हाईक. ते तिच्या चाकापाशी गेले, नुकती धार लावलेला आपला कोयता उचलला आणि गर्दीत शिरले.

खरं सांगायचं तर त्या क्षणी जैतूनबीलाही तेच हवं होतं. त्या पोराची मानही तशीच वळलेली तिला बघायची होती.  

नवरा गेला त्या सकाळी तिच्या अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, सब्र करायचा, धीर धरायचा तो पहिल्या घावाला, बेटी. मागाहून काय, रडून दमलं की सगळेच गप बसतात. तेव्हा तिला त्यांचा राग आला होता. आत्ताही आला.

तिनं याकूबचं डोकं हळूच खाली ठेवलं आणि ती उठली.

माणसांच्या पायांमधून, कोपरानं वाट काढत ती आत घुसली आणि त्या पोरावर आडवी पडली. खाली येणारा पाना थांबला नाही. तो तिच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला आतूनच ऐकू आला.

“भाभी, बाजूला सरा,” हौसराव म्हणाले. कोयता त्यांनी वर धरला होता. “आज ह्याला सोडत न्हाई.”

“कुणासाठी आप्पा?”

“याकूबसाठी. आन् कुणासाठी?”

“त्यो माझा हुता. राग बी माझा हाय. तुमच्यापेक्षा लई हाय.” तिला श्वास पुरत नव्हता. “मी गिळतीय ना त्यो? मग माझ्या नावानं तुम्ही खून करू नका.”

मागून कुणीतरी पोराच्या बरगडीत लाथ घातली. पोर तिच्याखाली कळवळलं. दुसरी लाथ तिच्या पोटरीत बसली. तिनं त्याचं डोकं आणखी पोटाशी ओढलं.

हौसराव तसेच उभे राहिले. तिच्या मोडलेल्या खांद्याकडं त्यांची नजर गेली. मग ते वळले आणि त्यांनी कोयता गर्दीकडं रोखला.

“मागं व्हा. भाभीला लागतंय.”

“आप्पा, तुम्ही बी?”

“मागं व्हा म्हणलं ना.”

राग मग गाडीवर निघाला. दहा-पंधरा जणांनी पिकअप उलटा केला. क्रेट फुटले, टोमॅटो रस्ताभर झाले आणि लोक ते तुडवत टायरांवर, पत्र्यावर, हाताला लागेल त्यावर दगड घालत राहिले. काहीजण पुन्हा पुन्हा पोराच्या दिशेनं येत होते. ती उठली तर एका मिनिटात ते त्याला संपवणार, हे तिला दिसत होतं.

म्हणून ती उठली नाही. एक हात लुळा पडला होता. दुसऱ्या हातानं तिनं पोराचं डोकं मांडीवर घेतलं आणि फुटलेल्या कपाळावर पदर दाबून धरला.

“नाव काय तुझं?”

“ज्ञानेश.”

“हालू नको.”

तिथून तिला याकूब दिसत होता. कुणीतरी त्याच्या तोंडावर गोणपाट टाकलं होतं. पाय उघडेच राहिले होते. एका पायातली चप्पल कुठं गेली होती कोण जाणे. माश्या बसायला लागल्या होत्या. त्यांना हाकलायला त्याच्यापाशी कुणीच नव्हतं. तिचे ओठ हलत होते, डोळे कोरडे होते. अर्धा तास ती तशीच बसून होती.

पोलिसांची गाडी आली तशी गर्दी पांगली. मागोमाग अँब्युलन्स आली. एक पोलीस बाई जैतूनबीपाशी वाकली आणि तिनं तिच्या मांडीवरच्या रक्ताळलेल्या पोराचा श्वास बघितला.

“घाबरू नका मावशी. वाचलाय तुमचा मुलगा.”

“ह्यो माझा न्हाई,” जैतूनबी म्हणाली. “माझा त्यो तिकडं, गोणपाटाखाली.”

पोलीस बाईनं तिकडं बघितलं. 

“ह्याच्यापाशी तुम्ही बसता का?” जैतूनबीनं विचारलं. “म्हंजी मला माझ्या पोराकडं जाता यील.”