न पटलेलं पात्र

बाबांना जाऊन महिना झाला, तेव्हा लघुपट महोत्सवातले त्यांचे सहपरीक्षक भेटायला आले. बाबांची फाइल त्यांच्याकडे राहिली होती.

परीक्षकांना फिल्मवर फक्त क्रमांक दिसतो, नाव नाही. म्हणून या वर्षी मी माझी फिल्म घरात न सांगता पाठवली होती. माझं काम आहे हे ठाऊक नसताना तरी बाबांनी एकदा ‘चांगलं आहे’ म्हणावं, एवढंच हवं होतं.

“काका, सतरा नंबरची फिल्म आठवते?”

“न आठवायला काय झालं! आम्ही बाकीचे दोघं परीक्षक तिलाच पहिला नंबर देत होतो. तुझे बाबा अडून बसले. आणि ते अडले की संपलंच, तुला काय सांगायचं!”

“का? काय खटकलं?”

“त्यातला बाप. तो मुलीला म्हणतो ना, ‘तुझ्याकडून अपेक्षाच नव्हती, त्यामुळे वाईट वाटायचा प्रश्नच नाही.’ तिथे तर ते उखडलेच. म्हणाले, ‘मलाही मुलगी आहे. बाप असं बोलेल का?’”

काकांनी फाइलमधून गुणपत्रिका काढून दिली. दहापैकी दोन. खाली बाबांचं टपोरं अक्षर: ‘वडिलांचं पात्र अतिरंजित. पोटच्या पोरीशी कुणी इतकं निष्ठुर वागत नाही. लेखकाने खरी माणसं पाहावीत.’

मी कागद परत फाइलमध्ये ठेवला. त्या बापाच्या तोंडचं एकही वाक्य मी रचलेलं नव्हतं.